कशाचं नाही, कुठे नाही

आमच्याकडे भोक फुटाच्या भावानं विकत मिळतं. बोअरची गाडी शेतात उभी राहिली की मालक आधी दर सांगतो: इतके रुपये फूट, केसिंगचा पाइप वेगळा. मग रात्रभर धडधड चालते, खडकाची राखाडी भुकटी उडते आणि सकाळी हिशोब होतो. भुकटीला कुणी विचारत नाही. पैसे मोजायचे ते जिथे आता काहीच उरलेलं नाही, त्या खोलीचे. पाणी लागलं तरी दर तोच, कोरडं गेलं तरी तोच. आमचा बोअर कोरडा गेला तेव्हा आई कपाळाला हात लावून बसली होती. बाबा म्हणाले, "पान्याचे पैसे कुठं देतो आपुन, भोकाचे देतो. भोक तं बराबर पाडलं ना त्यानं!"

बाबांनी हे चिडून म्हटलं होतं, पण आपल्या दर्शनांमध्ये याच मुद्द्यावर शतकानुशतकं भांडण झालं आहे. जे नाही, ते 'काहीतरी' असतं का? की 'नाही' ही नुसती बोलण्याची सोय? माझ्यापुरता हा प्रश्न पोटापाण्याचा आहे, कारण मी दिवसभर पोकळ्याच काढते.

मी वडनेर भोलजीची. नांदुरा तालुक्यातलं, महामार्गावरचं गाव. लोक अजून त्या महामार्गाला सहा नंबरचा रस्ताच म्हणतात, पाटीवर आता ५३ लिहिलं आहे. एकीकडे मलकापूर, दुसरीकडे नांदुरा आणि त्याचा १०५ फुटी मारुती. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, काही वर्षं पुण्याकडे डिझाइन ऑफिसात काढली, आता त्याच कामासाठी घरच्या माडीवर कॉम्प्युटर लावला आहे. ट्रॅक्टरच्या सीटची फ्रेम, हायड्रॉलिकच्या लाइनी, सायलेन्सरचे वाकडे पाइप, रेलिंग: जे जे नळीचं, ते माझ्याकडे येतं. आजोबा संस्कृतचे मास्तर होते. त्यांची तर्कसंग्रहाची जुनी प्रत की-बोर्डशेजारी असते. सॉफ्टवेअर लोड होईतो दोन ओळी वाचून होतात.

आता एक साधी नळी घ्या. बाहेरून ५० मिलिमीटर, आतून ४०, लांबी एक मीटर. ती कॉम्प्युटरवर काढायच्या निदान चार रीती आहेत. पहिली: ५०चं वर्तुळ काढायचं, एक्स्ट्रूड करून भरीव दांडा उभा करायचा, मग त्याच्या तोंडावर ४०चं वर्तुळ काढून आरपार कट द्यायचा. दुसरी: एकाच स्केचमध्ये दोन्ही वर्तुळं काढायची आणि मधली कडीच एक्स्ट्रूड करायची, भरीव दांडा कधी होतच नाही. तिसरी: अक्षापासून २० मिलिमीटरवर पाच मिलिमीटर जाडीची लांब पट्टी काढायची आणि ती अक्षाभोवती पूर्ण फिरवायची, म्हणजे रिव्हॉल्व्ह. चौथी: भरीव दांडा घेऊन दोन्ही तोंडं उघडी ठेवून शेल करायचा, पाच मिलिमीटर भिंत ठेव म्हणून सांगायचं. वाकडी नळी हवी असेल तर स्वीप: आधी वाट काढायची, मग ती कडी त्या वाटेवरून ओढत न्यायची.

चारही नळ्यांचं वजन विचारलं तर कॉम्प्युटर शेवटच्या दशांशापर्यंत एकच आकडा सांगतो. पण डावीकडच्या यादीत, जिला आम्ही फीचर ट्री म्हणतो, चौघींचा इतिहास वेगळा असतो. पहिलीत कटची स्वतःची ओळ असते. तिला नाव देता येतं, तिचं माप बदलता येतं, तिला तात्पुरतं दाबून ठेवता येतं. दाबली की नळी क्षणात भरीव होते. दुसरीत अशी ओळच नाही. तिथे पोकळी आहे, पण ती कुणी 'केलेली' नाही.

तर्कसंग्रह हा न्याय-वैशेषिक दर्शनांचा प्रवेशग्रंथ. त्यात त्याचा कर्ता अन्नंभट्ट सुरुवातीलाच जगातल्या सगळ्या पदार्थांची यादी देतो: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि सातवा अभाव, म्हणजे नसणं. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत सहाच होते. सातवा पुढच्यांनी मानाच्या पंगतीत बसवला. त्याचे प्रकारही पाडले. घडा घडण्याआधीचं त्याचं नसणं हा प्रागभाव. फुटल्यानंतरचं नसणं हा प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग नाही, कधी नव्हता, कधी असणार नाही, हा अत्यंताभाव. घडा म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. हे वाचलं की माझ्या फीचर ट्रीकडे नजर जाते. पहिल्या नळीतली पोकळी प्रध्वंसाची आहे, तिथे माल होता आणि कापला गेला. दुसरीत माल कधी नव्हताच. वजन एक, आकार एक, अभावाची जात मात्र निराळी.

हे पडद्यावरचे चोचले नव्हेत. कारखान्यातही असंच असतं. सीमलेस पाइप करताना लालबुंद भरीव दांडा तिरक्या रोलांमध्ये गरगर फिरवतात आणि त्याच्या पोटात टोकदार प्लग घुसतो. ही युक्ती जर्मनीच्या मानेसमान बंधूंनी १८८०च्या दशकात काढली. वेल्डिंगच्या पाइपात पत्र्याची पट्टी गोल वळवून तिच्या कडा जोडतात, म्हणजे पोकळी केली जात नाही, कोंडली जाते. आणि जळगावच्या जैन इरिगेशनमुळे आमच्या भागात शेताशेतात पोहोचलेला पीव्हीसीचा पाइप? तिथे वितळलेलं प्लास्टिक एका भरीव गाभ्याभोवतून वाहतं. पोकळीचा आकार ठरवणारा तो गाभा स्वतः लोखंडाचा आणि ठोस असतो, आणि तो पाइपाबरोबर कधीच बाहेर येत नाही. भोसकलेली, कोंडलेली आणि वळसा घालून सोडलेली, अशा तिन्ही पोकळ्यांतून पाणी सारखंच वाहतं. दाब वाढला की मात्र फरक दिसतो. वेल्डचा पाइप फुटलाच, तर पुष्कळदा जोडावरच फुटतो.

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांच्या, या सातव्या पदार्थावर सगळे खूश नव्हते. प्रभाकराच्या मताचे मीमांसक म्हणाले, 'जमिनीवर घडा नाही' म्हणजे नुसती जमीन. त्यात 'घड्याचं नसणं' नावाची आणखी एक चीज कशाला घुसडता? कुमारिल भट्टाच्या बाजूचे म्हणाले, अभाव आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. 'न आढळणं' हेच तो कळण्याचं वेगळं साधन. नैयायिक हटून बसले: अभाव आहे, आणि तो दिसतोही.

गंमत अशी की माझ्या कॉम्प्युटरमध्ये ही भांडणारी मंडळी एकाच घरात नांदतात. फीचर ट्री पक्का नैयायिक. त्याच्या यादीत कटला द्रव्याच्या बरोबरीची जागा. पण त्याच्या खाली, आकार प्रत्यक्ष साठवून ठेवणारा जो गाभा आहे, तो प्रभाकराच्या घरातला. १९७०च्या दशकात भरीव वस्तू कॉम्प्युटरला कशी समजवायची यावर काम सुरू झालं, तेव्हा दोन वाटा निघाल्या. अमेरिकेत रोचेस्टरला वस्तूला बेरीज-वजाबाकीनं मांडू लागले: मोठ्या दंडगोलातून लहान दंडगोल वजा, झाली नळी. इंग्लंडात केंब्रिजला वस्तूच्या फक्त सीमा लिहून ठेवू लागले. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं आतून दुसऱ्या वाटेनं चालतात. त्यांच्या लेखी माझी नळी म्हणजे चार पृष्ठभाग: बाहेरचा दंडगोल, आतला दंडगोल, दोन टोकांच्या दोन चकत्या. शिवाय प्रत्येकाला ठाऊक असतं की माल आपल्या कुठल्या अंगाला आहे. पोकळीची नोंद कुठेही नाही. फाइल दुसऱ्या कंपनीला स्टेप फॉरमॅटमध्ये पाठवली की इतिहास गळून पडतो आणि कटची ओळ नाहीशी होते. नळी घरून निघताना नैयायिक असते, ग्राहकाकडे पोहोचते ती प्रभाकर होऊन.

आणखी एक गोष्ट त्या गाभ्याकडून कळते. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळीतली हवा आणि माझ्या खोलीतली हवा त्याच्या लेखी एकच, दोन्ही 'बाहेर'. दोन्ही तोंडांना झाकणं बसवली तरच आत एक बंद पोकळी नोंदली जाते. गौडपादांनी मांडूक्यकारिकेत घटाकाशाचा दाखला दिला तो याच अंगानं: घड्यातलं आकाश वेगळं दिसतं ते घड्यामुळे, घडा फुटला की आकाशाचं काहीच बदलत नाही, कारण ते कधी वेगळं नव्हतंच. जीव आणि ब्रह्म तसे. सॉफ्टवेअरनं अद्वैत सिद्ध केलं असा माझा दावा नाही. त्याला हिशोब सोपा पडतो म्हणून ते तसं करतं. पण नळीची पोकळी ही नळीची मालमत्ता नव्हे, हे मला पटलं ते या गाभ्यामुळे.

आता खरं दुखणं सांगते. गावात सप्ताह होता. कीर्तनकार महाराज रंगात आले आणि म्हणाले, बासरीसारखे पोकळ व्हा, मीपणा काढून टाका, मग देव फुंकर मारील. बायकांच्या बाजूनं माना डोलल्या. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी तर डोळे पुसले. काकूंना मी लहानपणापासून पाहते आहे. सासर, दीर, नणंदा, नंतर मुलं, नंतर सुना. त्यांच्यात काढून टाकण्यासारखा मीपणा मला कधी सापडलेला नाही. दुसऱ्या दिवशी महाराज ओट्यावर चहा घेत बसले होते, तेव्हा मी गेले. आमच्याकडे अजून बायकांनी असं जाऊन विचारणं थोडं नजरेत येतं, पण ते मनमोकळे होते.

म्हटलं, "महाराज, बासरीला भिंत असते. नुसती पोकळी वाजत नाही."

ते हसले. "खरं आहे ताई. पण माणसाची भिंत फार जाड झालेली असते, म्हणून आम्ही पोकळीचंच बोलतो."

"कुणाची जाड झाली ते पाहून बोलावं ना महाराज. सगळ्यांना एकच माप कसं लागेल?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंडपात पाचशे माणूस असते, माय. एकेकाचं माप कुठं घेऊ?" उत्तर प्रामाणिक होतं. त्यांच्या अडचणीवर माझ्याकडे तोडगा नव्हता. पण विषय माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि तो सुटला तो पुन्हा आजोबांच्या पुस्तकात.

नैयायिक अभाव मान्य करतात, पण फुकट करत नाहीत. कुणी म्हटलं 'नाही', की ते दोन प्रश्न विचारतात. कशाचं नाही? त्याला म्हणतात प्रतियोगी. कुठे नाही? तो अनुयोगी. जमिनीवर घडा नाही: घडा प्रतियोगी, जमीन अनुयोगी. या दोघांशिवाय अभाव बोलताच येत नाही. शिवाय ज्याला घडा म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला घड्याचं नसणं कळणारही नाही. माझं सॉफ्टवेअरही हाच नियम पाळतं. नवी कोरी फाइल उघडा, कटचं बटण करडं, दाबताच येत नाही. कापायला आधी काही तरी उभं हवं. निव्वळ शून्यातून पोकळी कोरता येत नाही.

हा नियम 'मीपणा सोडा'ला लावून पाहा. प्रतियोगी मीपणा, म्हणजे 'माझ्याशिवाय चालत नाही, माझंच खरं' हा ताठा. अनुयोगी मी. ताठा जावा, पण तो ज्याच्यातून जायचा ते माणूस राहिलं पाहिजे, नाहीतर त्या ताठ्याचं नसणं बसणार कुठे? काकूंना लहानपणापासून जे सांगितलं गेलं, त्यात प्रतियोगी आणि अनुयोगी एकच करून टाकले होते. मीपणाऐवजी मीच काढायला सांगितलं. ती पोकळी नव्हे. ती करड्या बटणाची कोरी फाइल.

यावर कुणी म्हणेल, हे शब्दांचे खेळ. मग आकडे घ्या. माझी ५० बाय ४०ची पोलादी नळी आणि ३० मिलिमीटरचा भरीव पोलादी दांडा, दोघांचं वजन तंतोतंत सारखं: ५०चा वर्ग उणे ४०चा वर्ग म्हणजे ९००, तोच ३०चा वर्ग. पण वाकण्याला विरोध चौथ्या घातावर चालतो. ५०चा चौथा घात उणे ४०चा चौथा घात, भागिले ३०चा चौथा घात: साडेचारपेक्षा थोडं जास्त. तेवढ्याच मालात नळी साडेचार पट ताठ. कारण वाकताना एका अंगाला ताण येतो, दुसऱ्या अंगाला दाब, आणि अगदी मधोमध काहीच येत नाही. मधला माल वजन देतो, काम देत नाही. संतांनी मधला 'मी' कमी करायला सांगितला तो मला इथे पूर्ण पटतो. पण गणित पुढचंही सांगतं. मधला माल नुसता काढून फेकला तर नळी जास्त ताठ होत नाही, उलट थोडी कमीच होते. तो माल बाहेरच्या भिंतीत नेऊन बसवला तरच हे साडेचार पट मिळतं. आणि भिंत पातळ करत गेलात तर एका टप्प्यानंतर नळी वाकायची थांबते आणि चेपते. रिकामं होणं म्हणजे कमी होणं नव्हे. मधलं कडेला नेणं आहे.

वाकण्याचा विषय निघालाच आहे तर महामार्गावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात चला. तिथे बेंडिंग मशीन नसेल तेव्हा पोरगा नळीत कोरडी वाळू ठासून भरतो. कोरडीच, कारण ओली असली तर गॅसच्या आचेवर वाफ कोंडून खुंटी उडते. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारतो, वाकवायची जागा लाल करतो आणि सावकाश वळवतो. वाळू नसेल तर नळी वळणावर चपटी होते, आतला रस्ता बंद. मोठ्या कारखान्यात वाळूऐवजी मॅन्ड्रेल, म्हणजे आत बसणारा ठोस गाभा, घालतात, हेतू तोच. मी पडद्यावर स्वीप देते तेव्हा हे काही दिसत नाही. वळणाची त्रिज्या नळीच्या बाहेरच्या त्रिज्येपेक्षा लहान दिली तर सॉफ्टवेअर नकार देतं, कारण आतली बाजू स्वतःतच घुसते. पण बाहेरची भिंत ताणून पातळ होईल हे ते सांगत नाही. ते ज्यानं नळी वाकवली त्याला माहीत असतं. पोकळी वाचवायची तर वळणावर ती भरावी लागते, काम झालं की रिकामी करायची. नामस्मरण कशासाठी, हे मला कुठल्या प्रवचनापेक्षा त्या वाळूनं जास्त नीट सांगितलं. आणि आपण माणसाला करतो उलटच. लग्न, बाळंतपण, घरातलं कुणी जाणं, अशी नेमकी वळणं येतात तेव्हा बाईला सांगतो, आता स्वतःचं सगळं बाजूला ठेव. तिथेच तर ती चेपते.

या मुलखात दुसरीही एक परंपरा आहे, महानुभावांची, आणि ती मला माझ्या बाजूची वाटते. मलकापूरचं इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते डॉ. वि. भि. कोलते मूळ त्याच तालुक्यातल्या नरवेलचे. त्यांनी आयुष्यभर महानुभावांच्या पोथ्या वाचल्या, १९७८ साली लीळाचरित्राची मोठी आवृत्ती काढली. त्या कॉलेजात मशीन डिझाइन शिकणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी ती चाळली असेल कोण जाणे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही अनादी, नित्य आणि एकमेकांपासून वेगळे. मोक्षातही जीव विरघळत नाही, जीव म्हणूनच परमेश्वराचा आनंद भोगतो. घडा आणि आकाशाचा हिशोब त्यांना मान्य नाही. आणि त्याच लीळाचरित्रात महदाइसा आहे, चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी, आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो ती. तिला कुणी पोकळ व्हायला सांगितलं नाही. तिच्या प्रश्नांना उत्तरं मिळाली.

अद्वैत खरं की द्वैत, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही, आणि नळ्या काढून ते ठरणारही नाही. शेवटी भिंत राहते की फुटते, यावर थोरामोठ्यांत एकमत झालेलं नाही. पण आज, इथे, देहात असताना भिंत आहे, आणि तिच्या जाडीचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा आहे, एवढं तर दोघंही नाकारणार नाहीत. म्हणून मी काकूंना, आणि पुढे मुलीला, नैयायिकांचे ते दोन प्रश्नच देऊन ठेवणार आहे. कुणी रिकामं व्हायला सांगितलं तर आधी विचारायचं: कशाचं? आणि कशात? सांगणाऱ्याकडे उत्तर असेल तर बसून ऐकावं, त्यात हिताचं असतं. उत्तर नसेल, तर तो अध्यात्म सांगत नाही, स्वतःसाठी जागा मोकळी करून मागतो आहे.